अंड्यावरच्या कोंबड्यांना खाद्य कुठलं द्यायचं: लेबल वाचण्यापासून कवच तपासण्यापर्यंत सगळं सविस्तर

परसात पाच-दहा कोंबड्या पाळल्या की पहिल्या वर्षातच हा प्रश्न पडतो. कोंबड्या दिसायला चांगल्या आहेत, खातात पण भरपूर, मग अंडी कमी का झाली, कवच एवढं पातळ का येतंय, एकमेकींची पिसं का उपटतायत? बऱ्याचदा उत्तर खाद्यातच असतं, पण आपण ते शोधतो औषधात. म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहून काढावं, मला सुरुवातीला कोणी असं सांगितलं असतं तर माझ्या कोंबड्यांचे बरेच हाल वाचले असते.

आधी एक आकडा डोक्यात पक्का बसवा. अंड्यावरची मध्यम वजनाची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम कोरडं खाद्य खाते. आपण हिशोबाला ११० ग्रॅम धरू. थंडीत थोडं जास्त, कडक उन्हाळ्यात कमी, पण तिचं पोट एवढंच. त्यामुळे तुम्ही निवडलेलं खाद्य चांगलं की वाईट याचा अर्थ एवढाच की त्या ११० ग्रॅममध्ये तिला लागणारं सगळं बसतंय की नाही. पुढचं सगळं याच आकड्याभोवती फिरणार आहे.

तिला नेमकं लागतं काय

एका अंड्याचं कवच ५ ते ६ ग्रॅमचं असतं आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे एका कवचात शुद्ध कॅल्शियम २ ग्रॅमच्या आसपास गेलं. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण अर्धंच अंगाला लागतं, म्हणून रोज अंडं देणाऱ्या कोंबडीच्या पोटात दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम गेलं पाहिजे. आता ११० ग्रॅमात ४ ग्रॅम बसवायचं म्हणजे खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम हवं. लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, कॅल्शियम इतकं जास्त का असतं ते यावरून कळेल. मक्याच्या दाण्यात ते नावालाच असतं, गव्हातही तेच.

प्रोटीनचं बघा. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या वर प्रोटीन जातं, शिवाय तिचं स्वतःचं अंग, पिसं, रोजची झीज आहेच. १६ ते १८ टक्के प्रोटीनचं खाद्य दिलं तर ११० ग्रॅमात साडेसतरा ते वीस ग्रॅम मिळतं आणि ते पुरतं.

जंगलातली मूळ लाल रानकोंबडी, जिच्यापासून आपल्या सगळ्या कोंबड्या आल्या, ती वर्षाला १०-१५ अंडी घालते. आजची चांगली हायब्रिड लेयर ३०० च्या आसपास घालते. म्हणजे "पूर्वी कोंबड्या किडे आणि दाणे वेचूनच जगायच्या, त्यांना कुठे फीड लागायचं" हे म्हणणं खरं असलं तरी त्या कोंबडीवर एवढा बोजाच नव्हता. गावठी कोंबडी वर्षाला थोडीच अंडी देत असेल तर तिचं चरून बरंचसं भागतं, पण रोज अंडं देणारीला चरण्यावर सोडलं तर ती कमी पडलेलं कॅल्शियम स्वतःच्या हाडातून काढते. काही दिवस अंडं येतच राहतं, म्हणून आपल्याला कळतही नाही.

पहिलं काम: कोंबडीचं वय बघा

खाद्याचं नाव बघून पिशवी उचलू नका, आधी आपल्या पक्ष्यांची वयं बघा. पिल्लांना पहिले ६ ते ८ आठवडे स्टार्टर द्यायचं, १८ ते २० टक्के प्रोटीनवालं आणि कॅल्शियम फक्त १ टक्क्याच्या आसपास. त्यानंतर तलंग (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) झाल्या की ग्रोअर, १४ ते १६ टक्के प्रोटीन. आणि पहिलं अंडं यायच्या सुमारास, म्हणजे बऱ्याच जातींत १८ आठवड्यांच्या आसपास, लेयर खाद्य सुरू. तुरा लाल भडक झाला, पाठीला हात लावला की तलंग खाली दबून बसते, खोपे हुंगत फिरते, ही खूण आहे की आता वेळ आली. काही कंपन्या मधल्या दोन-तीन आठवड्यांसाठी प्री-लेयर देतात ज्यात कॅल्शियम दोन-अडीच टक्के असतं, मिळालं तर चांगलं, नाही मिळालं तर ग्रोअर चालू ठेवून बाजूला शिंपल्याचा चुरा ठेवा, तेवढ्याने भागतं.

इथे एक चूक फार महाग पडते ती म्हणजे पिल्लांना लेयर खाद्य देणं. "एकच पिशवी आणू, सगळे खातील" असं वाटणं साहजिक आहे, पण अंडी न देणाऱ्या छोट्या पक्ष्याला ते जास्तीचं कॅल्शियम किडनीतून बाहेर टाकावं लागतं, त्याने किडन्या खराब होतात, आत युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षारांचे) पांढरे थर साचतात आणि पिल्लू सुकत सुकत जातं, बाहेरून काहीच दिसत नाही. उलट बाजूने मोठ्या कोंबडीने चार दिवस ग्रोअर खाल्लं आणि बाजूला शिंपले असले तर तिचं काही बिघडत नाही.

म्हणून लहान, मोठ्या, कोंबडा असा सगळा मिक्स कळप असेल तर सोपा मार्ग म्हणजे १६ ते १८ टक्के प्रोटीनचं कमी कॅल्शियमवालं खाद्य सगळ्यांना, आणि कॅल्शियम वेगळ्या वाटीत. जिला लागतं ती खाते. कोंबडीला कॅल्शियमची भूक वेगळी कळते, आणि संध्याकाळी ती जास्त असते कारण कवच मुख्यतः रात्री तयार होतं. कोंबडे आणि तलंगा त्या वाटीकडे फारसं बघतही नाहीत.

दुसरं काम: लेबल वाचा, सगळं वाचा

लोक फक्त प्रोटीनचा आकडा बघतात. तो बघाच, पण तो आकडा कुठून येतो तेही माहीत असू द्या. लॅबमध्ये खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, त्याला क्रूड प्रोटीन म्हणतात. म्हणजे नायट्रोजन चांगल्या सोयाबीन पेंडेतून आला की निकृष्ट पिसांच्या भुकटीतून आला की कोणी युरिया मिसळला, आकडा वाढतोच. कोंबडीला मात्र नायट्रोजन नको, तिला विशिष्ट अमिनो ॲसिड (ज्यांपासून प्रोटीन बनतं ते घटक) हवेत, सगळ्यात आधी मेथिओनिन आणि मग लायसिन. मका-सोयाबीनच्या खाद्यात पहिल्यांदा कमी पडतं ते मेथिओनिन, म्हणून चांगले उत्पादक ते वेगळं घालतात आणि लेबलवर लिहितात. मेथिओनिन ०.३५ ते ०.४ टक्के आणि लायसिन ०.७ ते ०.८ टक्के लिहिलेलं दिसलं की माझा त्या पिशवीवर विश्वास वाढतो. १६ टक्के प्रोटीन आणि नीट मेथिओनिन असलेलं खाद्य हे १८ टक्के लिहिलेल्या पण बाकी काहीच न सांगणाऱ्या खाद्यापेक्षा मी कधीही आधी घेईन.

बाकीचे आकडे पटकन सांगतो. कॅल्शियम ३.५ ते ४.५ टक्के. उपलब्ध फॉस्फरस ०.३५ ते ०.४५ टक्के, हे "उपलब्ध" महत्त्वाचं आहे कारण धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, कोंबडीला तो पचत नाही. मीठ ०.३ ते ०.४ टक्के. फायबर म्हणजे चोथा ७-८ टक्क्यांच्या वर गेला की समजायचं कोंडा-भुसा जास्त घातलाय, पोट भरतं पण ताकद मिळत नाही. वाळू-सिलिका किंवा आम्लात न विरघळणारी राख असा एक आकडा काही पिशव्यांवर असतो, तो जितका कमी तितकं चांगलं, कारण ती सरळ सरळ माती आहे. ओलावा ११-१२ टक्क्यांच्या आत हवा.

आणि एक बघायचं, औषध घातलंय का. पिल्लांच्या खाद्यात बऱ्याचदा कॉक्सिडिओसिससाठी (आतड्यातल्या परजीवीमुळे होणारा रोग) औषध असतं, ते त्यांच्यासाठी ठीक आहे, पण अंड्यावरच्या कोंबडीला ते चालेलच असं नाही. काही औषधांचा अंश अंड्यात उतरतो, आणि नायकार्बाझिनसारख्या औषधाने तपकिरी अंड्याचं कवच फिकं पडतं आणि अंडी उबत नाहीत. लेबलवर औषधाचं नाव असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, अंदाजाने जाऊ नका.

मॅश, क्रंबल की पेलेट?

यावर लोक खूप वाद घालतात, मला तो तेवढा मोठा मुद्दा वाटत नाही. मॅश म्हणजे दळलेलं, पेलेट म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, क्रंबल म्हणजे पेलेट फोडून केलेले तुकडे. मॅशमध्ये कोंबडी मक्याचे मोठे कण वेचून खाते आणि खाली व्हिटॅमिन-मिनरलची भुकटी उरते, मग आपण वर नवीन ओततो, आणि ती परत मका वेचते. पेलेटमध्ये प्रत्येक घासात सगळं सारखं असतं आणि सांडतं पण कमी. त्यामुळे दोन्ही मिळत असतील तर पेलेट किंवा क्रंबल घ्या. मॅशच मिळत असेल तर एक नियम पाळा, फीडर रोज पूर्ण रिकामा होऊ द्या आणि मगच भरा. तळाची भुकटी थोड्या पाण्यात कालवून घट्टसर करून दिली तर चाटूनपुसून खातात, फक्त तासा-दोन तासात संपेल एवढीच कालवा, ओलं खाद्य पडून राहिलं की आंबतं.

तिसरं काम: ताजेपणा, आणि पिशवी केवढी घ्यायची

छोटा कळप असणाऱ्यांचं इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. खाद्य दळल्यापासून त्यातली व्हिटॅमिन कमी होत जातात, ए आणि ई तर उष्णता आणि दमटपणात भराभर जातात, आणि फॅट खवट होतं. मी उत्पादनाची तारीख बघूनच घेतो आणि दळल्यापासून दीड-दोन महिन्यांत संपेल असं बघतो, तीन महिन्यांच्या पलीकडचं तर घेतच नाही.

आता हिशोब करा. ५ कोंबड्या रोज ५५० ग्रॅम खाणार. ५० किलोची मोठी पिशवी आणली तर ती संपायला ९० दिवस लागणार, आणि आणली तेव्हा ती आधीच महिनाभर जुनी असेल तर शेवटचा घास चार महिने जुना. किलोमागे स्वस्त पडली म्हणून घेतली पण शेवटच्या महिन्यात कोंबडी अर्धवट खाद्यावर आहे. २५ किलोची घेतली तर ४५ दिवसांत संपते. कोंबड्या १० असतील तर मग ५० किलोची चालेल. दोन-तीनच असतील तर कोणाबरोबर तरी पिशवी वाटून घ्या.

घरी आणलं की झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, जमिनीवर नाही, भिंतीला टेकून नाही, उन्हात नाही. प्लास्टिकचा डबा उंदीर कुरतडतात आणि उंदीर आला की त्याच्याबरोबर साल्मोनेला हा रोगजंतू येऊ शकतो. जुनं संपवून डबा पुसून कोरडा करूनच नवीन ओता, तळाशी जुनं राहिलं की तिथूनच बुरशी लागते.

चौथं काम: नाक, डोळे आणि एक ग्लास पाणी

पिशवी उघडल्यावर आधी हात आत कोपरापर्यंत घाला. आत गरम लागतंय का, ढेकळं आहेत का? चांगल्या खाद्याला दळलेल्या धान्याचा गोडसर वास येतो. कुबट, आंबट किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर परत करा. जाळ्या, सोंडे, टोके दिसले तर खाद्य जुनं आहे.

मग एक सोपी टेस्ट, पारदर्शक ग्लासात पाणी घ्या, दोन चमचे खाद्य टाका, ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. टरफलं आणि कोंडा वर तरंगतो, जड भाग तळाला बसतो. तळाला चुनखडीचे कण असणारच, ते हवेतच, पण वाळू पण असू शकते. पाणी ओतून तळाच्या गाळावर व्हिनेगर टाका, चुनखडी किंवा शिंपले असतील तर बुडबुडे येतात, नुसती वाळू असेल तर ती तशीच बसून राहते. लॅबची बरोबरी होत नाही, पण उघड भेसळ यात कळते.

बुरशीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी काही महिन्यांत मेले, कोणाला रोग कळेना. शेवटी कारण निघालं खाद्यातली शेंगदाणा पेंड, तिच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती आणि तिने तयार केलेलं विष होतं अफ्लाटॉक्सिन. ते नाव त्या बुरशीवरूनच पडलं. हे विष लिव्हरवर जातं, कोंबडी लगेच मरेलच असं नाही, अंडी कमी होतात, प्रतिकारशक्ती जाते, आणि थोडा अंश अंड्यात पण येऊ शकतो, म्हणजे आपल्या ताटात. आणि ते उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही. बुरशी झटकून टाकली, वरचा थर काढला, तरी विष आत राहतंच. त्यामुळे बुरशी आलेलं खाद्य कितीही जीवावर आलं तरी फेकायचं. "कोंबड्यांना चालतं" असं काही नसतं.

पाचवं काम: शिंपले वेगळे, खडे वेगळे

या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. शिंपल्याचा चुरा म्हणजे कॅल्शियम, तो पोटात विरघळतो. खडे म्हणजे ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडाचे बारीक तुकडे, ते विरघळत नाहीत, कोंबडीच्या जठरात राहून दाणे दळतात कारण तिला दात नाहीत. नुसतं मॅश किंवा पेलेट खाणाऱ्या कोंबडीला खडे नसले तरी चालतं, अख्खे दाणे किंवा गवत खात असेल तर हवेत, आणि मोकळी फिरत असेल तर ती स्वतःच शोधते.

शिंपल्याचा चुरा मात्र लेयर खाद्य देत असलात तरी बाजूला ठेवाच. २ ते ५ मिलिमीटरचे जाडसर तुकडे घ्या, भुकटी नको. भुकटी दोन-तीन तासांत पुढे निघून जाते, पण जाड तुकडे जठरात अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, आणि कवच बनायचं काम चालतं नेमकं रात्री, ज्या वेळी ती काहीच खात नसते. हा एवढा बदल केला तरी पातळ कवचाच्या बऱ्याच तक्रारी कमी होतात. घरची अंड्याची टरफलं धुऊन, ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कडक भाजून, चुरून दिली तरी चालतात, अंड्याच्या आकारात ओळखू येतील अशी देऊ नका म्हणजे अंडी फोडून खायची सवय लागणार नाही.

सहावं काम: वरचं खाणं आवरा

माझ्याकडे सहा कोंबड्या होत्या, चांगलं ब्रँडेड लेयर खाद्य चालू होतं, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी उठल्या उठल्या मी त्यांना वाटीभर मका टाकायचो. त्या धावत यायच्या, मला फार बरं वाटायचं. महिन्याभरात दोन अंडी कवचाशिवाय आली, नुसती पातळ पिशवी, आणि एक कोंबडी मलूल झाली. डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी एकच विचारलं, सकाळी पहिल्यांदा काय टाकता? मी घरी येऊन वाटीतला मका तोलला, कोंबडीमागे चाळीस ग्रॅम होत होता.

त्याचा हिशोब असा. कोंबडीच्या पोटात ४० ग्रॅम मका गेला, उरली जागा ७० ग्रॅमची, तेवढं लेयर खाद्य खाल्लं. मक्यात साडेआठ-नऊ टक्के प्रोटीन, म्हणजे साडेतीन ग्रॅम. लेयरमध्ये १७ टक्के धरले तर बारा ग्रॅम. एकूण साडेपंधरा, म्हणजे तिचं दिवसभराचं खाणं झालं १४ टक्के प्रोटीनचं. कॅल्शियम तर ४.२ ग्रॅमवरून २.७ वर आलं, कारण मक्यात ते जवळपास नाहीच. पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, प्रत्यक्षात मी त्यांना कमी दर्जाचं खाद्य देत होतो. त्या दिवसापासून मका बंद केला, मग पुन्हा चालू केला तो संध्याकाळी आणि मूठभर सहा जणींत मिळून.

म्हणून वरचं सगळं मिळून, दाणे, भाजीचे देठ, उरलेला भात, ब्रेड, कलिंगडाच्या साली, हे कोंबडीमागे १०-१२ ग्रॅमच्या आत ठेवा आणि आधी खाद्य खाऊ द्या, मग दुपारनंतर हे. हिरवा पाला याला थोडा अपवाद, त्यात पाणीच जास्त असतं त्यामुळे तो जरा जास्त दिला तरी हिशोब फार बिघडत नाही. बलक जास्त पिवळा होतो तो याच पाल्यातल्या आणि पिवळ्या मक्यातल्या झँथोफिल या पिवळ्या रंगद्रव्यामुळे. ज्वारी, बाजरी, तांदळाच्या कणीवर असलेल्या कोंबडीचा बलक फिका येतो, याचा अर्थ अंडं निकृष्ट आहे असा होत नाही. नुसता रंग बघून खाद्य निवडू नका, रंग घालून पण आणता येतो.

अजिबात देऊ नका: अवोकाडोची साल आणि बी, कच्चा सुका राजमा, हिरवे पडलेले बटाटे, चॉकलेट, खारट पदार्थ, आणि बुरशी आलेलं काहीही.

घरी खाद्य तयार करायचं असेल तर

करता येतं, पण तराजू पाहिजे आणि शिस्त पाहिजे. १०० किलोसाठी एक साधारण प्रमाण देतो:

मका भरडा ५८.५ किलो, सोयाबीन पेंड २२ किलो, गव्हाचा कोंडा ८ किलो, चुनखडी किंवा शिंपला चुरा ९ किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १.५ किलो, मीठ ३०० ग्रॅम, मेथिओनिन १०० ग्रॅम, आणि लेयरचं व्हिटॅमिन-मिनरल प्रीमिक्स ६०० ग्रॅम. प्रीमिक्सचा डोस त्याच्या पाकिटावर वेगळा असेल तर तो पाळा आणि फरक मक्यात ॲडजस्ट करा.

याचं प्रोटीन ताडून बघा, मक्यातून साधारण ५, पेंडेतून जवळपास १०, कोंड्यातून सव्वा, झाले १६ टक्के. कॅल्शियम चुनखडीतून ३.४, डीसीपीतून ०.३५, म्हणजे ३.८ च्या आसपास. चुनखडीचा अर्धा भाग जाडसर तुकड्यांचा घ्या.

यात प्रीमिक्स गाळायचा मोह होतो कारण ते दिसायला चिमूटभर असतं. गाळू नका. त्यात व्हिटॅमिन डी३ असतं आणि डी३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट जात नाही. मिसळताना प्रीमिक्स, मीठ, मेथिओनिन आधी दोन किलो भरड्यात मिसळा, मग ते दहा किलोत, मग सगळ्यात, नाहीतर एका कोंबडीला ढीगभर आणि दुसरीला शून्य असं होतं.

काय वापरताय ते पण जपून. सोयाबीन कच्चं कधीच नाही, त्यातला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रोटीन पचू देत नाही, भाजलेलं किंवा तेल काढलेली पेंडच. शेंगदाणा पेंड चांगली पण बुरशीचा धोका वर सांगितलाच. सरकी पेंडेतल्या गॉसिपॉलने साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट होतो. मासळीची कुटी प्रोटीनला उत्तम, पण जास्त झाली की अंड्याला वास येतो. तांदळाचा कोंडा तेल न काढलेला असेल तर लवकर खवट होतो.

आणि खरं सांगायचं तर दहाच्या आत कोंबड्या असतील तर या भानगडीत पडू नका. सगळं ताजं आणि एवढ्या थोड्या प्रमाणात मिळवणं अवघड जातं, तयार लेयर खाद्य बरं.

बदल कसा करायचा

जुनं-नवीन ७ ते १० दिवस मिसळत जा. पहिले तीन दिवस पाव भाग नवीन, मग अर्धं, मग पाऊण. एका दिवसात बदललं तर काही कोंबड्या खायचंच कमी करतात आणि अंडी आठवडाभर घटतात. आणि बदल एका वेळी एकच करा, खाद्य बदललं त्याच आठवड्यात खुराडं हलवलं, नवीन कोंबड्या आणल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

फीडरचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि अर्ध्याच्या वर भरू नका, चोचीने उडवून सांडलेलं खाद्य मोजलंत तर धक्का बसेल. पाणी सावलीत, रोज धुतलेल्या भांड्यात. ती खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, २०० ते २५० मिली, उन्हाळ्यात त्याच्याही दुप्पट. काही तास पाणी संपलं तर खाणं थांबतं आणि अंड्यांवर परिणाम दिसतो, मग आपण नसता दोष खाद्याला देतो. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि संध्याकाळी उन्ह उतरल्यावर द्या, भर दुपारी ती खात नाही.

महिन्याभराने काय तपासायचं

एक वही करा. रोजची अंडी आणि आठवड्याला किती किलो खाद्य गेलं एवढंच लिहा. १० कोंबड्यांना आठवड्याला ७.७ किलोच्या आसपास गेलं पाहिजे. त्या रोज ८ अंडी देत असतील तर एका अंड्यामागे साधारण १३८ ग्रॅम खाद्य, डझनाला १.६५ किलो. दोन ब्रँडची तुलना करायची असेल तर पिशवीच्या किमतीवर करू नका, डझनामागे किती खर्च आला त्यावर करा, स्वस्त खाद्याची कोंबडी कमी अंडी देते आणि ते महागच पडतं असं माझ्या वहीत दोनदा निघालंय. खाद्य आकड्यापेक्षा खूप जास्त जात असेल तर सांडतंय किंवा उंदीर-चिमण्या खातायत.

मग कोंबडीकडे बघा. कवच पातळ किंवा बिनकवचाचं येत असेल तर आधी वरचं खाणं तपासा, मग शिंपले, मग खाद्याची तारीख. पिसं उपटणं चालू झालं तर मीठ, मेथिओनिन किंवा एकूण प्रोटीन कमी पडतंय का बघा, आणि गर्दी तर होत नाही ना तेही. अंडी छोटी झाली तर प्रोटीन आणि पाणी. कोंबडी जड झाली, पोटाला बोटं लावली तर चरबीची जाड गादी लागते, अंडी कमी, तर मका जास्त होतोय, अशा कोंबडीला फॅटी लिव्हर होऊन ती एक दिवस अचानक मेलेली सापडते.

हे सगळं ठीक असूनही अंडी बंद झाली तर दिवस किती मोठा आहे ते बघा, १४ तासांपेक्षा कमी उजेड असेल तर अंडी घटतात. आणि पिसं झडायला लागली असतील तर ती मोल्टिंगमध्ये आहे, ७-८ ते १२ आठवडे चालतं हे. पिसं म्हणजे बहुतेक सगळं प्रोटीनच, त्यामुळे या काळात १८ ते २० टक्के प्रोटीनवर न्या, कमी कॅल्शियमवालं ग्रोअर-स्टार्टर टाइपचं बिनऔषधी खाद्य चालतं, शिंपल्याची वाटी तशीच राहू द्या, आणि पहिलं अंडं परत दिसलं की त्या आठवड्यापासून हळूहळू लेयरवर परत आणा.